जुन्या मापावर

३१ जानेवारी, शनिवार

या रजिस्टरात बावीस वर्षं मी फक्त दात लिहिले. तारीख, कुठल्या डॉक्टरांचं काम, वरची कवळी की खालची, रंग कुठला, कधी द्यायची. आज पहिल्यांदाच मागच्या कोऱ्या पानांवर दुसरं काही लिहितोय. ज्याला सांगावं असं घरात कोणी नाही, आणि जिच्याबद्दल सांगायचं ती उद्या घरात येणार आहे.

मुलगी येतेय. तिच्या आईला बढती मिळाली ती दूरच्या शहरात. ती परवाच गेली. तिचं तिकडे बस्तान बसेपर्यंत आणि मुलीची इथली परीक्षा होईपर्यंत मुलगी माझ्याकडे. एप्रिलमध्ये तिकडच्या शाळेचा फॉर्म भरायचा, त्यावर आईवडील दोघांची सही लागते. तिच्या आईने फोनवर एक गोष्ट स्वच्छ सांगितली, की खारूला तुमच्याकडेच राहायचं असेल तर मी अडवणार नाही. पंधरा वर्षांची आहे, तिचं तिला ठरवू दे. मी ‘बरं’ म्हणालो. फोन ठेवल्यावर दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा प्यायचा विसरलो.

म्हणजे माझ्या हातात तीन महिने आहेत.

मधल्या खोलीतली प्लास्टरची पोती कामाच्या खोलीत हलवली. नवीन चादर आणली, फुलाफुलांची. दुकानदाराने विचारलं, मुलगी केवढी आहे? मी हाताने दाखवलं. रस्त्यात लक्षात आलं की मी दाखवली ती उंची दहा वर्षांच्या मुलीची होती.

१ फेब्रुवारी, रविवार

आली. माझ्या कानापर्यंत पोचते. पहिले दोन दात आले तेव्हा दिसेल ते कुरतडत बसायची, म्हणून मी तिला खारूताई म्हणायचो, पुढे नुसतंच खारू. आज दारात तसं म्हटलं तर बॅग उतरवणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे बघून तिने डोळे मोठे केले. मी जीभ चावली.

लहानपणी मला ‘तू’ म्हणायची. आता ‘तुम्ही’. दोन वर्षांत चार वेळा भेटलो, त्यातही दोनदा तिच्या शाळेच्या फाटकाशी उभ्याउभ्या, तर दुसरं काय म्हणणार?

चादर बघून ‘छान आहे’ म्हणाली. मावशीने विणलेला स्वेटर बघून म्हणतात तसं.

४ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवसांत तिने वापरलेले शब्द: हो, नाही, चालेल. कानात सतत त्या गाणी ऐकायच्या गोळ्या. मी काही विचारलं की एक गोळी काढते, उत्तर देते, परत घालते. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा एवढा मोठा बोळा निघाला की मला आधी उंदीरच वाटला. बरं वाटलं, का कोण जाणे. घरात कोणीतरी आहे.

आज सकाळी डबा भरताना तिने जांभई दिली. माझं लक्ष नको तिथे जातं, धंदाच तसला. तिचे सुळे टोकाला सपाट झालेत. पंधराव्या वर्षी सुळा टोकदार असायला हवा. शिवाय जबड्यावर हात ठेवून बसते. विचारलं, झोपेत दात खातेस का? म्हणाली, आई म्हणते खाते. कधीपासून? तिने खांदे उडवले आणि गोळी परत कानात घातली.

झोपेत दात खाणारी माणसं दिवसा काहीतरी गिळत असतात. आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पेशंटना असं सांगतात. माझं बरंचसं काम त्यांच्याकडूनच येतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

फजिती झाली.

तिच्यासाठी नाइट गार्ड करायचा ठरवला. पारदर्शक पट्टी असते, झोपताना दातांवर चढवायची, म्हणजे दात एकमेकांवर न घासता त्या पट्टीवर घासतात. मला तिचं तोंड पाठ आहे असा माझा समज. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी गंमत म्हणून तिच्या दातांचं माप घ्यायचो आणि प्लास्टरचा साचा करून ठेवायचो. कामाच्या खोलीत वरच्या फळीवर ओळीने मांडलेत, सहा वर्षांपासून तेरापर्यंत. आठ जबडे. त्यातला शेवटचा काढला, दुपारभर बसून त्यावर गार्ड केला, आरशासारखा घासला आणि संध्याकाळी मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिला.

बसेना. मी म्हटलं, नीट दाब, बसेल. दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, थोडं दुखणारच, बावीस वर्षं हेच करतोय मी. तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे माझे दात नाहीत. दोन वर्षांपूर्वीचे आहेत."

खरं होतं. तेव्हा मागच्या दाढा अर्ध्याच वर आल्या होत्या. शिकाऊ पोरानेही ही चूक केली नसती. कुठल्याच पेशंटची कवळी मी कधी जुन्या मापावर केलेली नाही.

मग ती पहिल्यांदा कामाच्या खोलीत आली. फळीकडे बघत राहिली. ही सगळी मी आहे का, म्हणाली. बोटाने मोजलं. चौदा आणि पंधरा कुठेत? मी म्हटलं, तू आली नाहीस त्या वाढदिवसांना. ती म्हणाली, तुम्ही बोलावलं नव्हतं. मला वाटलं होतं तिला क्लास असतील, मैत्रिणी असतील, उगाच गळ कशाला घालायची. तसं म्हणालो मात्र नाही.

माप घ्यायचा स्ट्रॉबेरीच्या वासाचा गुलाबी लगदा कालवला, ट्रे तोंडात दिला. नाकाने श्वास घे, पायाची बोटं हलव, असं लहानपणी सांगायचो तसंच सांगितलं. तिने खरंच पायाची बोटं हलवली. नवा साचा सुकत ठेवलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

नवा गार्ड बसला. आठवडाभर वापरून आज नाश्त्याला ती डबी घेऊन आली, नीट आहे का बघा म्हणून. दिव्याखाली भिंग लावून बघितलं. खूप घासलाय. डावीकडे जास्त. एका आठवड्यात एवढं मी मोठ्या माणसातही बघितलेलं नाही.

"काय म्हणतात माझे दात?" तिने अंडं सोलत विचारलं.

मी उगाच भाव खात म्हटलं, बुधवारी गणिताची चाचणी होती. ती अंडं सोलायची थांबली. खरंच होती. मी ते तिच्या खोलीच्या दारावर चिकटवलेल्या वेळापत्रकात वाचलं होतं, पण सांगितलं नाही. ज्योतिषाने आपली विद्या सांगायची नसते.

१ मार्च, रविवार

रविवारचा नेमच झालाय आता. नाश्ता, डबी, दिवा, भविष्य. आज मी सांगितलं, गुरुवारी मैत्रिणीशी वाजलं. नुसता अंधारात दगड. लागला. कोण, काय, कशावरून, सगळं वीस मिनिटं सांगत होती. चहा गार झाला. मी हूं हूं करत होतो, मधेच एखादा ‘मग?’ टाकत होतो. शेवटी म्हणाली, "हे तुम्ही नुसतं तोंडाने विचारलं असतं तरी सांगितलं असतं मी. पण तुम्हाला दातांनी सांगितलेलंच कळतं." दोघं हसलो.

गार्डवरच्या रेघा कमी झाल्यात. मापून नाही, पण माझी नजर चुकायची नाही.

३ मार्च, मंगळवार

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मोह झाला तर हे पान काढून वाचता येईल.

पाच वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो तेव्हा एका ऑफिसात तिला मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. समोर कोर्टातल्या एक बाई, डावीकडे मी, उजवीकडे तिची आई. बाईंनी गोड आवाजात विचारलं, बाळ, तुला कोणाकडे राहायचंय? दहा वर्षांची होती. तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि तिथेच फ्रॉकवर उलटी केली. मी माझ्या रुमालाने पुसत होतो आणि मनात म्हणत होतो, हा प्रश्न मी हिला जन्मात विचारणार नाही.

तेव्हा, नाही विचारायचं. आडूनसुद्धा नाही. तिला कळेल काय करायचं ते. मी काही बोललो तर ती माझ्यासाठी राहील, आणि तसं नको.

१४ मार्च, शनिवार

सर्दी झालीय मला. तिने विचारलं नाही, पण उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. मीच ठेवला असेन आणि विसरलो असेन.

१८ मार्च, बुधवार

खोलीच्या भिंतीला रंग द्यायचा का, असं खारूने विचारलं. मी म्हटलं, कशाला, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. तोंडावर परीक्षा, ओल्या रंगाच्या वासाने हिचं डोकं दुखायचं, मग अभ्यास कसा होणार? ती बरं म्हणाली आणि खोलीत गेली. हट्ट करत नाही, गुणी पोर आहे.

२४ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते दातांच्याच पानावर लिहायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंकडे एक म्हातारे बस कंडक्टर येतात, निवृत्त. पूर्ण कवळी करायची, वरची आणि खालची. चिठ्ठीत बाईंनी लिहिलं होतं, पुढच्या दोन दातांत फट ठेवा, पेशंटचा आग्रह आहे. मी चिठ्ठी बाजूला ठेवली. फट ठेवली म्हणजे माझं काम कच्चं दिसणार. बावीस वर्षं मी सरळ दात लावतोय. मेणात दात मांडून ठेवले होते, खारू शाळेतून आली, आता ती दप्तर टाकून थेट माझ्याकडेच येते, तिने चिठ्ठी वाचली. फट कुठाय? मी म्हटलं, लोकांना काय कळतंय, सरळ दात बघून खूशच होतील. ती म्हणाली, दात त्यांचे आहेत ना? आणि समोर बसून राहिली. मी मेण तापवलं, दोन दात सरकवले. तिने डोळा बारीक करून बघितलं, अजून थोडं, म्हणाली. अजून थोडं.

हे मागच्या आठवड्यातलं. आज कवळी बसवायची होती. खारू म्हणाली, आपण बघायला जाऊ. मी कधी जात नाही. माप येतं, कवळी जाते, तोंड कोणाचं ते मला कशाला हवं? तिने माझी चप्पल दारात आणून ठेवली.

दवाखान्यात म्हाताऱ्याबुवांनी कवळी घातली, जीभ फिरवली, आरशात बघितलं. मग ओठ किंचित ताणून त्या फटीतून अशी शिट्टी मारली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. चाळीस वर्षं ते बस सोडायला घंटी वाजवत नसत, शिट्टी मारत. दात गेल्यापासून बंद झाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते परत परत वाजवत होते, डॉक्टरीणबाई कानावर हात ठेवून हसत होत्या.

मी केलेली कवळी तोंडात बसलेली मी आज बावीस वर्षांत पहिल्यांदा बघितली. सरळ दात लावले असते तर मला कळलंही नसतं काय हुकलं ते.

येताना खारू म्हणाली, "बघ, विचारलं असतंस त्यांना तर केव्हाच सांगितलं असतं त्यांनी."

‘बघ’ म्हणाली. तिच्या लक्षात आलं नाही. मीही काही बोललो नाही, नाहीतर परत ‘बघा’ म्हणाली असती.

५ एप्रिल, रविवार

गार्डवर या आठवड्यात जवळजवळ काही नाही. मी भिंग उलटसुलट करून बघितलं. काय म्हणतात दात, तिने विचारलं. मी म्हटलं, काही म्हणत नाहीत, गप्प झोपलेत. तिला हसू आलं.

दुपारी तिची सायकल उलटी करून चेन काढली. हात काळे. तिने सांगितलं की पुलापलीकडच्या वरच्या वर्गांच्या शाळेपर्यंत इथून बारा मिनिटं लागतात, काल तिने घड्याळ लावून बघितलं. मी म्हटलं, चेन सैल आहे म्हणून, घट्ट केली की दहाच लागतील. मग चिंधीने एकेक कडी पुसत बसली. मी तिच्या शेजारी बसलो. असं कोणाशेजारी गप्प बसायला मिळून किती वर्षं झाली असतील, मोजत होतो. मला खूप बरं वाटलं. इतकं की भीतीच वाटली.

संध्याकाळी तिने दाराच्या मागे खिळा ठोकला, दप्तर अडकवायला. वाकडा ठोकलाय.

१२ एप्रिल, रविवार

आज डबीबरोबर एक पाकीटही आणलं. तिकडच्या शाळेचा फॉर्म. तिच्या आईची सही होऊन आलाय. पंचवीसच्या आत द्यायचाय म्हणाली.

तीन महिने हाच कागद माझ्या छाताडावर बसला होता आणि आज बश्यांच्या मधे येऊन पडला. मी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. ती समोर उभीच, खुर्चीच्या पाठीला धरून. मी इतका वेळ वाचतोय बघून म्हणाली, "तुला काही विचारायचंय का?"

दातखीळ बसणं म्हणजे काय ते मला आज कळलं. ती मधली खुर्ची दिसली, फ्रॉक दिसला. मी विचारलं, "फोटो लावायचा राहिलाय का?"

"नाही," ती म्हणाली. "लावलाय."

मी सही केली. नीट, वळणदार. हसूनसुद्धा दाखवलं. शाळा चांगली दिसतेय, मैदान मोठं आहे, असंही म्हणालो. तिला वाटता कामा नये की बाप पायात बेडी घालतोय.

तिने फॉर्मची घडी घातली. डबी तशीच घेऊन गेली. मी म्हटलं, अगं बघायची राहिली की. पुढच्या रविवारी, म्हणाली.

मी बरोबर केलं. लिहून ठेवतो: बरोबर केलं.

१९ एप्रिल, रविवार

डबी आणली नाही. विचारलं तर म्हणाली, आता गरज नाही, ठीक आहे सगळं. चांगली गोष्ट आहे. दात खायचे थांबले म्हणजे मन हलकं झालं. जायची ओढ लागली असणार, आईकडे जायचंय शेवटी. रविवार मात्र लांबतो. अकरा वाजेपर्यंत दिवा तसाच लावून बसलो होतो, काम नसताना.

पुन्हा गोळ्या कानात. परीक्षेचा ताण असेल.

२३ एप्रिल, गुरुवार

परीक्षा संपली. साजरं करू म्हटलं, बाहेर जेवायला गेलो. दोघंही मेनूकार्ड वाचत बसलो, जणू त्याचीच परीक्षा होती. सायकल इथेच राहू दे, म्हणाली, तिकडे शाळेची बस आहे. मी म्हटलं, विकून टाकायची का, जागा अडते. तिने मेनूकार्ड आणखी वर धरलं.

विकणार नाही अर्थात. मला नुसतं तिला मोकळं करायचं होतं, की मागे काही अडकलं आहे असं वाटू नये.

२८ एप्रिल, मंगळवार

गेली.

स्टेशनवर लवकर पोचलो, एक तास बाकावर. तिने विचारलं, प्लास्टरची पोती परत मधल्या खोलीत आणणार का? मी म्हटलं, बघू. गाडी आली. सामान चढवलं. खिडकीशी बसल्यावर म्हणाली, "सर्दीचं औषध संपलंय तुमचं. आणून ठेवा."

‘तुमचं’.

गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. तिने केला नाही. ती माझ्याकडे बघत होती, सरळ, गाडी वळेपर्यंत. राग असेल का? पण कसला? मी तर तिला कशातच अडवलं नाही.

घरी येऊन दोन कप चहा केला. मग एक कप ओतून टाकला.

१ मे, शुक्रवार

कामाच्या खोलीत जायला होत नाही. डॉक्टरीणबाईंना ताप आलाय म्हणून कळवलं. ताप नाही. मधल्या खोलीत जाऊन आलो. चादर घडी करून ठेवलीय, कडा जुळवून. जाळीत केस नाहीत. दाराच्या मागे वाकडा खिळा.

एवढं एकटं वाटेल असं वाटलं नव्हतं. तिच्याआधीही मी एकटाच होतो की. पण तेव्हा मला त्याचं माप माहीत नव्हतं.

३ मे, रविवार

सकाळी अंडी उकडली, दोन. सवयीने दिवा लावायला कामाच्या खोलीत गेलो. स्विचला हात लावला आणि दिव्याखाली, माझ्या भिंगाच्या अगदी पुढ्यात, तिची डबी.

विसरली बिचारी, असं आधी मनात आलं. तिकडे झोपेत त्रास होईल, कुरिअरने पाठवावी लागेल. उघडली. पाठवण्याआधी स्वच्छ करावी म्हणून गार्ड उजेडात धरला.

डावीकडच्या मागच्या दाढेवर आरपार भोक होतं.

मी खाली बसलो. दोन मिलिमीटर जाडीचा गार्ड. पाच एप्रिलला मी स्वतः भिंगाने बघितला होता, काही नव्हतं त्यावर. त्यानंतर तो मला दिसला नाही. म्हणजे तीन आठवडे. तीन आठवड्यांत तिने दातांनी भोक पाडलं, आणि सकाळी उठून मला म्हणत होती, ठीक आहे सगळं.

आणि ती विसरणारी पोर नाही. शाळेच्या सहलीला गेली तेव्हाही डबी घेऊन गेली होती. विसरलेली वस्तू गादीखाली सापडते, न्हाणीघरात सापडते. दिव्याखाली कशी सापडेल?

मग मी हीच पानं काढून वाचली. पहिल्यापासून. रंग. बारा मिनिटं. खिळा. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिलेली ती. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आणि मला एकही ओळ वाचता आली नव्हती. मी त्या दहा वर्षांच्या मुलीला सांभाळत बसलो होतो. पंधरा वर्षांची माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, तुला काही विचारायचंय का.

फोन लावला. तिनेच उचलला.

मी म्हटलं, "डबी राहिली तुझी इथे."

"राहिली नाही," ती म्हणाली. "ठेवलीय."

तिकडे कोणीतरी नळ सोडल्याचा आवाज येत होता. मग तिनेच विचारलं, बघितलीस का? मी म्हटलं, बघितली. डावीकडे भोक आहे. मी टेबलाची कड धरली आणि उभा राहिलो, बसून बोलता येईना.

"खारू, मी तुला काही विचारत नाहीये. विचारणार नाही असं मी खूप वर्षांपूर्वी ठरवलंय. पण सांगतो. मला तू इथे हवी होतीस. पहिल्या दिवसापासून. सही करताना मला ती करायची नव्हती. ठरवायचं ते तू ठरव, आईकडे राहिलीस तरी मी रागावणार नाही. पण तू मला नको होतीस असं समजून जायचं नाही."

ती रडत होती. मोठ्याने नाही, नाकाने. मी म्हटलं, नाकाने श्वास घे, पायाची बोटं हलव. त्यावर तिला एकदम हसू फुटलं आणि मग जास्तच रडली.

"तीन महिने लागले तुला," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. लागले.

मग म्हणाली, आईशी बोलते. काय बोलणार ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या वेळचं न विचारणं वेगळं होतं. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, साचा आहे माझ्याकडे फेब्रुवारीचा, आजच नवा गार्ड करतो आणि उद्या कुरिअरला टाकतो.

"जुन्या मापावर करू नकोस," ती म्हणाली. "बसत नाही. शनिवारी येते मी, माप घ्यायला."

शनिवारी येऊन ती परत जाईल की राहील, मला माहीत नाही. दोन दिवसांसाठी येईल, कदाचित तेवढंच. अंडी गार झाली होती, दोन्ही खाल्ली. मग गुलाबी लगद्याचा डबा उघडून बघितला, पुरेल. ट्रे धुऊन पालथा घातला. फळीवरचे सगळे जबडे थोडे थोडे डावीकडे सरकवले.